साडेसहाच्या खळदकरबाई

खळदकरबाईंच्या शोकसभेला मी गेलो आणि वीस मिनिटांत उठून बाहेर आलो. व्यासपीठामागे भला मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर बाईंचा फोटो, फोटोभोवती सूर्यकिरणं आणि खाली 'व्यसनमुक्तीच्या व्यायाममाता' अशी जाड अक्षरं. बाईंनी तो पाहिला असता तर खाली उतरवून, उलटा अंथरून आम्हाला त्यावर बैठका मारायला लावल्या असत्या. संस्थेचे कार्यवाह उपाध्ये माइकवर सांगत होते, "बाईंनी केवळ व्यायामाच्या बळावर शेकडो जणांची दारू सोडवली." हे वाक्य बाईंसमोर दुसऱ्यांदा उच्चारण्याची उपाध्यांची छाती झाली नव्हती. पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा काय झालं, ते सांगेनच.

म्हणून हे लिहायला बसलो. श्रद्धांजली वगैरे वाहण्याचा विचार नाही, त्या शब्दालाही बाई नाक मुरडत. फक्त त्यांच्याबद्दल जे खोटं बोललं जातंय त्याच्या शेजारी थोडं खरं असावं, इतकंच.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी बुधवार पेठेतल्या एका प्रकाशकाकडे शाळेच्या गाइडांची मुद्रितं तपासत असे, म्हणजे लोकांच्या चुका काढण्याचा पगार घेत असे. सहाला सुटायचो आणि कोथरूडला घरी पोचायला मला साडेनऊ वाजायचे. हे अंतर साडेतीन तासांचं नाही, हे बायकोच्या लक्षात यायला अकरा वर्षं लागली, अशी माझी समजूत होती. तिच्या ते पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं. एक दिवस ती मला हाताला धरून आमच्याच भागातल्या व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली. संध्याकाळी यायचं, औषधोपचार आणि गटातलं बोलणं उरकून घरी परतायचं, अशी तिथे सोय होती. माझं एवढं पुरे.

केंद्र एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात भरत असे. वधूपक्षाच्या खोलीत डॉक्टर, वरपक्षाच्या खोलीत समुपदेशक आणि जेवणघरात व्यायाम. जेवणघराच्या भिंतीवर 'हात धुण्याची जागा' असा बाण अजून होता, बाणाच्या टोकाशी मात्र नुसती भिंत होती. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो तेव्हा आत वीसेक बापे शाळेतल्या पोरांसारखे ओळीत उभे होते. समोर एक किडकिडीत, सत्तरीला टेकलेली बाई. पाचवारी साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात हजेरीपट.

"नवीन का?"

"हो. माझं नाव..."

"नाव डॉक्टरांना सांगा. मला हजेरी घ्यायची आहे, ओळख वाढवायची नाही. तुम्ही सतरा. मागची ओळ, खांबाशेजारी. खांबाला टेकायचं नाही."

आमच्यात एक निवृत्त तहसीलदार होते, दोन इंजिनिअर, एक रिक्षावाले आणि एक कीर्तनकारही होते. बाई नंबर पुकारत आणि सगळे खाली मान घालून "हजर, बाई" म्हणत. तहसीलदारांनी पहिल्या दिवशी नुसतं "येस" म्हटलं, तेव्हा बाईंनी त्यांची गैरहजेरी मांडली. समोर उभ्या असलेल्या माणसाची! तहसीलदार म्हणाले, "अहो, मी इथं आहे ना!" बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय खरं. घरी पण असंच म्हणत होतात ना इतकी वर्षं, की मी इथंच आहे म्हणून?" दुसऱ्या दिवसापासून तहसीलदारांचा 'हजर' सगळ्यांत खणखणीत असे.

बाई मुलींच्या शाळेत तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. केंद्राशेजारच्या इमारतीत एकट्या राहत. त्या इथे आल्या त्या सेवेची वगैरे ओढ लागून मुळीच नाही. त्या तक्रार करायला आल्या होत्या. संध्याकाळी केंद्रातली माणसं गटाची वेळ होईपर्यंत फाटकापाशी घोळका करून उभी राहत, बिड्या ओढत, थुंकत. बाई थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या या माणसांना कामाला लावा, नाहीतर मी लावते." डॉक्टर थकलेले होते. म्हणाले, "लावा." बाई दुसऱ्या दिवशी हजेरीपट घेऊन आल्या आणि नऊ वर्षं येत राहिल्या. पुण्यात तक्रार करणारे उदंड आहेत, पण अर्ज मंजूर झाल्यावर त्याच्या मागे असं जाणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यांचा वर्ग साडेसहाला सुरू व्हायचा. सकाळी नव्हे, संध्याकाळी. यावरून संस्थेत मोठं रामायण झालं होतं. उपाध्यांना सूर्योदयाचा व्यायाम हवा होता, कारण सूर्योदयाचे फोटो छान येतात. शिवाय पुण्यात व्यायाम म्हटला की तो पहाटे टेकडीवरच व्हावा लागतो, वर चढून खाली उतरायचं आणि भजी खायची. उपाध्यांनी एकदा पांढरेशुभ्र कपडे घातलेले एक योगगुरूही आणले. त्यांनी सांगितलं की ब्राह्ममुहूर्तावर दीर्घ श्वास घेतला की सगळी व्यसनं आपोआप गळून पडतात.

बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "सकाळी काय करायचंय? सकाळी हे सगळे साधूच असतात. विचारा त्यांना. सकाळी सात वाजता प्रत्येकानं दारू सोडलेली असते. माणूस सुटतो तो संध्याकाळी. ऑफिस सुटतं, पोट रिकामं असतं, पाय आपोआप ठरलेल्या गल्लीत वळतात. तो एक तास मला द्या. बाकीचे तेवीस तुम्ही घ्या आणि श्वास मोजत बसा."

मला हे ऐकून आतून हलल्यासारखं झालं, हे कबूल करतो. अकरा वर्षं मी रोज सकाळी दारू सोडत होतो आणि हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बाईंचा व्यायाम तसा साधाच. हातापायांची कवायत, बैठका, दोरीच्या उड्या, वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलणं. त्या आठपर्यंत मोजत आणि पुन्हा एकावर येत. 'शाब्बास' हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. कुणी फारच चांगलं केलं तर "बरं" म्हणत. तो "बरं" मला वर्षभरात चार वेळा मिळाला आणि चारही वेळा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. वर्ग संपला की त्या प्रत्येकाच्या हातावर राजगिऱ्याची वडी ठेवत. एकदा रिक्षावाल्यांनी भक्तिभावानं फुटाण्यांची पिशवी आणली, सगळ्यांना वाटायला. बाईंनी ती पिशवी दोन बोटांनी उचलून त्यांच्या हातात परत दिली. "हा चखणा आहे. फुटाणा तोंडात गेला की जीभ पुढचं मागते. वडीबरोबर कोणी पीत नाही."

दारात त्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारत. "गोळी घेतलीत?" आणि "गटात बसणार?" यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर आत घेत नसत. आता ते उपाध्यांचं वाक्य. वार्षिक समारंभात, पाहुण्यांसमोर, उपाध्ये म्हणाले की आमच्या बाई केवळ व्यायामानं दारू सोडवतात. बाई उठल्या, माइक त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "व्यायामानं दारू सुटत नाही. सुटत असती तर या शहरात जिमच्या शेजारी बार चालले नसते. दारू सोडवतात ते डॉक्टर, त्यांच्या गोळ्या, ते बोलणं आणि ज्याचा तो. मी लोणचं आहे. ताटात पोळीभाजी असली तर मला वाढा. नुसतं लोणचं खाल्लं तर घसा धरेल, मग माझ्याकडे येऊ नका." माइक परत देऊन त्या बसल्या. पाहुण्यांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना.

हे मी ऐकलं होतं, तरी माती खाल्लीच. तीन महिन्यांनी मी मनगटावर एक घड्याळ बांधलं. आज किती कॅलरी जळल्या ते त्यात दिसायचं. एका शनिवारी मनात आलं, इतकं जाळलं आहे तर त्यातलं निम्मं परत भरायला काय हरकत आहे? हिशेब अगदी चोख होता. मुद्रितं तपासणाराच मी! सोमवारी बाईंनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "सतरा, आधी डॉक्टरांकडे. मग आठवडाभर बाकावर बसायचं. व्यायाम बंद."

"बाई, उलट मी जास्त करायला तयार आहे."

"तेच बंद करायचंय. घामाचा माज आलाय तुम्हाला. तुम्ही इथं येता ते दारूची परवानगी कमवायला नाही. बसा. हजेरी मात्र द्यायची."

आठवडाभर मी बाकावर बसून इतरांच्या बैठका पाहिल्या. इतकी लाज मला प्यायलेल्या अवस्थेतही कधी वाटली नव्हती.

त्याच हिवाळ्यात नंबर बावीस आला. अभिजित ढोके. मूळचा अकोल्याचा, इथे आयटीत, पस्तिशीचा. बायको रश्मी मुलीला घेऊन अकोल्याला माहेरी निघून गेली होती. तिची अट सोपी होती. जूनपर्यंत एक थेंब नाही, तर मुलगी पुण्याच्या शाळेत पहिलीत जाईल. नाहीतर शाळेतून दाखला काढायचा आणि अकोल्यात घालायचा, कायमचा. अभिजितनं हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मुलीचा फोटो त्याच्या मोबाइलवर होता, पुढचे दोन दात पडलेले.

पहिले दोन महिने तो अगदी सरळ होता. मग त्याला धावण्याचा नाद लागला. कोणीतरी मित्र त्याला पहाटे टेकडीवर घेऊन गेला. आधी तीन किलोमीटर, मग आठ, मग पंधरा. बूट आले, चष्मा आला, पळताना चोखायच्या जेलच्या पुड्या आल्या. पहाटे चारला उठायचं म्हणून साडेसहाचा वर्ग सुटला, मग गट सुटला, मग गोळ्याही. बाईंनी त्याला फाटकात गाठलं.

"बावीस, संध्याकाळी कुठं असता?"

"बाई, आता गरजच नाही. आय ॲम अ डिफरंट पर्सन. सकाळी पंधरा के मारतो, नऊला झोपतो. क्रेव्हिंग झीरो. रनिंग इज माय मेडिसिन."

"आणि पाय मोडला तर?"

तो हसला. बाईंनी ज्या नजरेनं त्याच्याकडे पाहिलं, ती मी विसरलेलो नाही. त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या.

उपाध्यांना मात्र घबाड मिळालं. फेब्रुवारीत अभिजितनं कुठल्याशा शर्यतीत पदक मिळवलं आणि संस्थेनं त्याचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. आमच्या गावात माणूस बरा होतो आहे असं दिसलं की लोक त्याला शाल पांघरतात, मग तो ती सावरतच बसतो आणि बरं व्हायचं राहून जातं. अभिजितचा पळतानाचा फोटो फ्लेक्सवर चढला, 'व्यसनावर मात' असं खाली लिहून. बाईंना व्यासपीठावर बोलावलं. त्या जागेवरूनच म्हणाल्या, "मी त्याची हजेरी मांडते. गेले पाच आठवडे गैरहजर आहे. गैरहजर माणसाचा सत्कार मी करत नाही." सगळे हसले. मीही हसलो, टाळ्याही वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर त्या शालीचा मला हेवा वाटला.

मार्चमध्ये त्याच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. फार पळाल्यानं जातो म्हणे. डॉक्टरांनी दोन महिने पळणं बंद सांगितलं. संध्याकाळी सातला अभिजितकडे ना पळणं होतं, ना गट, ना गोळी. चौथ्या दिवशी त्यानं बाटली मागवली. आठवड्यात बातमी केंद्रात आली आणि अर्ध्या तासात उपाध्यांनी फ्लेक्स उतरवला. अभिजितला फोन करायला मात्र कोणाला वेळ झाला नाही.

बाईंनी मला बोलावलं. "सतरा, तुमच्याकडे स्कूटर आहे ना? चला."

अभिजितची सोसायटी कोथरूडमध्येच, तो चौथ्या मजल्यावर. रखवालदारानं नोंदवही पुढे केली. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात बाईंनी लिहिलं, 'हजेरी'. आम्ही वर गेलो. बंद दारासमोर उभं राहून बाईंनी हजेरीपट उघडला आणि शाळेतल्या आवाजात पुकारा केला, "नंबर बावीस!" आतून उत्तर नाही. शेजारची तीन दारं मात्र उघडली. बाईंनी गैरहजेरी मांडली, दहा मिनिटं बंद दारासमोर एक ते आठ, एक ते आठ असे आकडे मोजले, दाराच्या कडीला वडीची पुडी अडकवली आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपला वर्ग त्यांनी तहसीलदारांवर सोपवला होता.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे अध्यक्ष खाली उभे होते. इस्त्रीचा झब्बा, हातात नियमावली.

"आपण कोण? इथं आरडाओरडा चालणार नाही."

"मी आकडे मोजते. आरडाओरडा तुमच्याकडं दर रविवारी सभेत होतो, तो रस्त्यापर्यंत ऐकू येतो."

"लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी आहे. बाहेरच्यांनी वापरू नये, असा ठराव आहे."

दुसऱ्या कोणी वाद घातला असता. बाई म्हणाल्या, "ठराव आहे ना? मग ठीक," आणि जिन्याकडे वळल्या. त्यांचा उजवा गुडघा तेव्हाच निकामी होत आला होता. जिने चढायचे नाहीत, असं त्यांना डॉक्टरांनी बजावलेलं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "बाई, मी बोलतो त्यांच्याशी." त्या म्हणाल्या, "अशा माणसाकडे लिफ्ट मागण्यापेक्षा गुडघा परवडला." त्यानंतर रोज चार मजले, एकेक पायरी, कठडा धरून. मी मागे चालायचो आणि मनातल्या मनात अध्यक्षांना शिव्या द्यायचो. त्या अध्यक्षांनी नंतर शोकसभेत पहिल्या रांगेत बसून डोळे पुसले, हेही नोंदवून ठेवतो.

सातव्या संध्याकाळी आतून आवाज आला. जड, ओला. पुण्यात कमावलेलं सगळं इंग्रजी गळून गेलं होतं.

"जा ना बाई! काऊन तरास देऊन राहिल्या? मी संपलो. माही पोरगी गेली. जा तुम्ही."

"बावीस, आवाज आला, पण 'हजर' ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या आणि गैरहजेरी मांडली. मी जिन्याकडे बघत राहिलो.

अकराव्या संध्याकाळी दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, पायाला पट्टा, खोलीभर वास. दाराच्या आत दहा पुड्या ओळीनं ठेवलेल्या होत्या, एकही फोडलेली नव्हती. तो भिंतीला धरून उभा होता. म्हणाला, "हजर." आणि रडायला लागला.

"आज व्यायाम नाही," बाई म्हणाल्या. "चप्पल घाला. डॉक्टर आठपर्यंत आहेत."

"मी हरलो बाई."

"शर्यत कुठं होती? तुम्हीच लावली होती. चप्पल."

"तुम्ही रागावल्या नाही?"

"भयंकर रागावले आहे. ते नंतर. आधी चप्पल."

डॉक्टरांनी त्याला काही दिवस दाखल करून घेतलं. बाहेर आला तेव्हा पुन्हा गोळी, पुन्हा गट, आणि साडेसहाला जेवणघरात खुर्ची. पाय टेकवायचा नव्हता म्हणून बाईंनी त्याला खुर्चीवर बसून करायची कवायत दिली. पंधरा किलोमीटर पळणारा गडी वाळूच्या बाटल्या वरखाली करत बसे. उपाध्यांनी त्याला खासगीत सल्ला दिला की घरी हे कळवायचं काही कारण नाही, एक छोटासा अपघात समजायचा. बाईंच्या कानावर ते आलं. त्यांनी वर्ग संपल्यावर त्याच्यासमोर उभं राहून म्हटलं, "फोन लावा बायकोला. मी इथंच आहे." त्यानं लावला, सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. बाई म्हणाल्या, "बरं." त्याला मिळालेला हा पहिला 'बरं'.

जूनच्या सुरुवातीला रश्मी आली. मुलीला अकोल्याला ठेवून, एकटी. शाळेत दाखल्याचा अर्ज द्यायला आली होती, अर्ज लिहून पर्समध्ये तयार होता. त्यावर वडिलांची म्हणून अभिजितची सही हवी होती, म्हणून ती साडेसहाला जेवणघराच्या दारात उभी राहिली. उपाध्ये कुठूनसे उगवले. "वहिनी, या, या! अभिजित आता एकदम ठणठणीत. आमच्या भिंतीवरचे फोटो बघा, सगळे असेच..." तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती सरळ बाईंसमोर गेली.

"तुम्हीच खळदकरबाई ना? मला खरं सांगा. हा आता पिणार नाही ना?"

जेवणघरात वीस माणसं हात वर करून जागच्या जागी थांबली. अभिजित खुर्चीवर बसून खाली बघत होता. एका 'नाही'वर त्याचं सगळं घर टांगलेलं होतं, आणि तो 'नाही' बाईंच्या तोंडून निघावा म्हणून आम्ही सगळे कान देऊन होतो. मी तर मनात म्हणत होतो, बाई, आयुष्यात एकदा खोटं बोला.

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मार्चमध्ये प्यायला. पुन्हा पिऊ शकतो. भिंतीवरचे फोटो बघून ठरवू नका. त्यातले काही जण आत्ता कुठं बसलेत, तेही मला माहीत आहे."

उपाध्यांना खोकला आला.

"मंग मी कशाच्या भरवशावर येऊ?"

"भरवसा माझ्याकडे नाही. माझ्याकडे हजेरीपट आहे. दवाखान्यातून आल्यापासून एकेचाळीस दिवस. एकोणचाळीस हजर. एकदा ताप होता. एकदा आला नाही आणि खोटं कारण सांगितलं, दुसऱ्या दिवशी येऊन खरं सांगितलं. एवढं आहे. बघा."

रश्मीनं पट हातात घेतला. पानं मागे उलटत गेली आणि एका पानावर थांबली. तिथे बावीस नंबरासमोर ओळीनं दहा गैरहजेऱ्या होत्या, प्रत्येकीखाली बारीक अक्षरात 'दारात जाऊन पाहिले', आणि तिसरीपासून पुढे 'जिन्याने' असंही.

"भरवसा नाही म्हणून राहिल्या तुम्ही," ती म्हणाली, "मंग रोज चार मजले चढून याच्या दारात काऊन जात होत्या?"

बाईंनी पदर पुन्हा खोचला, जो खोचलेलाच होता. खांबाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"माझं काय," शेवटी म्हणाल्या, "गुडघाच गेला. तो तसाही जाणारच होता." आणि मग एकदम आमच्यावर ओरडल्या, "हात वर ठेवून काय ऐकताय? पाचवर थांबलाय तुम्ही! सहा!"

रश्मी बाकावर जाऊन बसली आणि वर्ग संपेपर्यंत बसून राहिली. ती रडत होती की हसत होती ते मला मागच्या ओळीतून नीट दिसलं नाही. अर्ज तिनं दुसऱ्या दिवशी दिला नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही दिला नाही. आठवड्यानं ती अकोल्याला जाऊन मुलीला घेऊन आली. अभिजितला म्हणाली, तू पुन्हा प्यायलास तर मी जाईन, पण ते तेव्हा. आता शाळा सुरू होतीये.

त्याच महिन्याच्या अखेरीस बाईंनी वर्ग सोडला. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यानंतर लोणी काळभोरला भाचीकडे राहायचं होतं. तिकडेच थंडीत न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. मी भेटायला जाईन, जाईन म्हणत राहिलो. गेलो नाही. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहणार.

त्यामुळे मला त्या शेवटच्या दिसल्या त्या त्यांच्या शेवटच्या वर्गाच्या दिवशी. निरोपसमारंभ करायचा नाही, अशी तंबी होती. उपाध्ये शाल घेऊन आले होते, ती तशीच घेऊन ते परत गेले. वर्ग संपायला पंधरा मिनिटं असताना त्यांना शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात न्यायला रिक्षा आली. बाईंनी हजेरीपट तहसीलदारांकडे दिला आणि जेवणघराच्या दाराकडे निघाल्या. बाहेर उतरायला तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय अडला. मी धावलो. "सरका." तहसीलदार धावले. "तुम्हाला वर्ग दिलाय ना?" अभिजितनं पुढे होऊन हात धरला. त्याच्याकडे तर त्यांनी असं पाहिलं की त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

रश्मी अभिजितला न्यायला आली होती, मुलगी तिच्या कडेवर पेंगत होती. तिनं मुलीला नवऱ्याकडे दिलं, पायऱ्यांपाशी गेली आणि हात पुढे केला.

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी तो धरला. नुसता टेकायला धरला नाही, दोन्ही हातांनी घट्ट धरला. तीन पायऱ्या उतरायला त्यांना बराच वेळ लागला. खाली पोचल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, रिक्षात बसेपर्यंत धरून ठेवला. आम्ही वीस जण दारात गर्दी करून ते बघत होतो.

रिक्षातून त्यांनी मान बाहेर काढली. डोळे लाल झालेले मला स्पष्ट दिसले.

"तमाशा आहे का इथं?" त्या ओरडल्या. "आठ मिनिटं राहिलीत अजून. जागेवर!"

आम्ही जागेवर गेलो. अभिजितनं मुलीला बाकावर निजवलं आणि तोही ओळीत येऊन उभा राहिला.